कॅमेरा पुढं काहून नाही जात?

राजुऱ्यात वाढलेल्या माणसाला मुंबई पहिल्यांदा भेटते ती सिनेमाच्या सुरुवातीला. पडदा उजळतो, समुद्र दिसतो, मग मोठं रेल्वे स्टेशन, लोकलला लोंबकळणारी माणसं, काळ्या-पिवळ्या टॅक्सी. आता गोष्ट मुंबईत घडणार हे आपल्याला कोणी सांगावं लागत नाही. माझं माहेर सिंदेवाहीकडचं, सासर राजुऱ्याचं. दोन्हीकडून मुंबई सारखीच लांब. बल्लारशा जंक्शनवर गाडीत बसलं की एक रात्र जाते आणि वर दिवसही लागतो. त्यामुळे शहराच्या सिनेमाची सुरुवात कशी असते, हे आमच्यासारख्यांना शहर न पाहताच पाठ असतं. ‘कोर्ट’ या सिनेमाची सुरुवात मात्र या पाठांतरात कुठेच बसेना, आणि नेमकी तीच माझ्या वाट्याला आली होती.

आमचं एक लहानसं वाचकमंडळ आहे. काही शिक्षक, बँकेतले दोघे, एक वकील, कोळसा खाणीतून निवृत्त झालेले काही जण. महिन्यातल्या एका रविवारी जमायचं आणि एखाद्या पुस्तकावर बोलायचं, असा शिरस्ता. या खेपेला आमच्यातले एक सर म्हणाले, पुस्तक नको, सिनेमा घेऊ, आणि प्रत्येकाने एकेक तुकडा घेऊन त्यावरच बोलायचं. वकीलसाहेबांनी अर्थातच न्यायालयातले प्रसंग घेतले. कोणी सरकारी वकील बाई घेतल्या, कोणी न्यायाधीश. मला म्हणाले, “मॅडम, तुम्ही सुरुवात घ्या. नारायण कांबळेला पोलीस नेतात तिथपर्यंत. कवितेचं रसग्रहण करता ना, तसंच.”

कवितेचं रसग्रहण मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवते. तिथे हाताशी शब्द असतात. अलंकार दाखवता येतो, यमक दाखवता येतं, एखादी प्रतिमा उलगडून सांगता येते. सिनेमात बोट कशावर ठेवायचं? चित्र तर पुढे निघून जातं.

सिनेमाची माहिती थोडक्यात सांगते, म्हणजे ज्यांनी पाहिला नाही त्यांनाही बरोबर येता येईल. ‘कोर्ट’ चैतन्य ताम्हाणे यांनी लिहिला आणि दिग्दर्शित केला. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो पहिल्यांदा दाखवला गेला आणि तिथे त्याला पुरस्कार मिळाले. मग सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १७ एप्रिल २०१५ रोजी तो आपल्याकडे लागला आणि त्या वर्षी भारताकडून ऑस्करसाठीही तोच गेला. गोष्ट मुंबईतली आहे. नारायण कांबळे हे वयस्कर लोकशाहीर. त्यांच्यावर आरोप असा की, त्यांनी एका वस्तीत गटारकामगारांनी जीव द्यावा अशा अर्थाचं गाणं म्हटलं, आणि ते ऐकून वासुदेव पवार नावाच्या कामगाराने मॅनहोलमध्ये उतरून आत्महत्या केली. आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा हा खटला खालच्या कोर्टात तारीख-पे-तारीख चालत राहतो.

आणि सुरुवात? एक म्हातारा माणूस खोलीत मुलांची शिकवणी घेतोय. मग तो बाहेर पडतो. बसने जातो. एका वस्तीत मोकळ्या जागेवर स्टेज बांधलंय, तिथे पोचतो. आपल्या साथीदारांसोबत गाणं म्हणतो. गाणं चालू असताना पोलीस येतात.

एवढंच. मी वहीत हे लिहून काढलं, चार-पाच ओळी झाल्या, आणि पुढे हात चालेना. यावर बोलायचं काय? निशिकांत कामत यांचा २००५ सालचा ‘डोंबिवली फास्ट’ दिला असता तर पानभर लिहिता आलं असतं. माधव आपटेचं घर, लोकल, ऑफिस, पुन्हा लोकल, पुन्हा घर. तो रोजचा फेरा तुकड्यातुकड्यांनी असा अंगावर येतो की हा माणूस एक दिवस फुटणार हे कथा सुरू व्हायच्या आधीच कळतं. तिथे दिग्दर्शक काय करतोय ते दिसतं. इथे दिग्दर्शक काही करतोय असंच वाटत नव्हतं. मी परत पाहिलं. परत पाहूनही तेच: म्हातारा, मुलं, बस, स्टेज, पोलीस.

मग जरा वाचायला घेतलं. पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सतीश बहादूर नावाचे प्राध्यापक होते. सिनेमा पाहायला शिकवणं हेच त्यांचं काम. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चं त्यांनी केलेलं बारकाईचं विश्लेषण आजही वाचलं जातं. फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय मिळून उन्हाळ्यात चित्रपट रसास्वादाचा वर्ग घेत आले, आणि देशभरचे शिक्षक, पत्रकार, फिल्म सोसायटीवाले त्यात शिकून गेले. त्या पठडीतून एक गोष्ट मला उचलता आली. आधी अर्थ शोधायला जायचं नाही; आधी समोर काय आहे ते नोंदवायचं. कॅमेरा कुठे आहे, किती दूर आहे, हलतोय की थांबलाय, एक शॉट किती वेळ टिकतो, ऐकू काय येतं. वहीला रकाने पाडले. मराठीच्या शिक्षिकेने सिनेमासाठी रकाने पाडावेत हे घरातल्यांना नवलाचं वाटलं, पण त्यामुळे माझे मामाजी येऊन शेजारी बसले.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, सास्तीच्या खाणीत माइनिंग सरदार होते. त्यांना सिनेमा आवडतो तो तेलुगू. यात नवल नाही. आमचा राजुरा तालुका निजामाच्या मुलखातला, आदिलाबाद जिल्ह्यातला. १९५६ साली तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ साली चांद्याकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूरकडे, आला. हद्द सरकली तरी सोयरिकी आणि आवडीनिवडी सरकल्या नाहीत. तेलुगू सिनेमात नायक येतो तो कसा? आधी जमिनीवर पडणारा पाय. मग पाठ. मग मूठ. धूळ उडते, ढोल वाजतात, आणि मग कुठे तोंड दिसतं. तोवर टॉकीजमध्ये शिट्ट्या सुरू झालेल्या असतात. मामाजींनी ‘कोर्ट’ची सुरुवात थोडा वेळ शांतपणे पाहिली आणि विचारलं,

“बाई, हा कॅमेरा पुढं काहून नाही जात? मानसाचं तोंड तं दिसलं पायजे नं.”

माझ्या अडलेल्या वहीतला पहिला खरा प्रश्न हाच. तोवर मी पडद्यावर काय आहे ते लिहीत होते. काय नाही ते मामाजींनी दाखवलं. कॅमेरा जवळ जात नाही. दूर एका जागी थांबतो आणि माणूस त्याच्यासमोरून जातो. आता याच्याकडे बघा, असं तो कुठेच सांगत नाही. कांबळे गर्दीतून चालतात तेव्हा त्यांना आपल्यालाच शोधावं लागतं. मागून संगीत वाजत नाही, त्यामुळे हा मोठा माणूस आहे की साधा, चांगला की वाईट, याचा इशारा कानालाही मिळत नाही. ज्याच्या नावाने पुढे सगळा खटला उभा राहणार, तो सिनेमात आत येतो एखादा शेजारी रस्त्याने जावा तसा.

आता प्रश्न असा की दिग्दर्शकाने हे का केलं. आणि इथे मला माझं माहेर कामी आलं.

सिंदेवाही, नागभीड, मूल, ब्रह्मपुरी आणि पलीकडे वडसा-गडचिरोली हा झाडीपट्टीचा मुलूख. दिवाळी झाली, मंडईच्या जत्रा सुरू झाल्या, बैलांच्या शर्यतींचे शंकरपट लागले की गावोगाव रात्रीची नाटकं. वडशाला नाटक कंपन्यांची कार्यालयं आहेत, हंगामात तारखा मिळत नाहीत. याच रंगभूमीवर आयुष्य काढलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या माहेरच्या गावात लोकांना घरातल्याला मिळाल्यासारखं झालं. लहानपणी मी ही नाटकं पाहिली ती सतरंजीवर बसून, मागून, मोठ्यांच्या डोक्यांच्या फटीतून. समोर उजेडात रंगमंच, मध्ये माणसांची काळी डोकी, वर थंडी. नटाचा चेहरा जवळून कधी दिसायचा नाही. दिसायची त्याची चाल, त्याचे हात, तो कोणाजवळ उभा राहिला आणि कोणापासून लांब झाला ते. आणि त्यावरून सगळं कळायचं. बाई न बोलता दोन पावलं मागे सरकली की शामियान्यातल्या हजार माणसांना कळायचं की आता हिचं काही खरं नाही.

कांबळे स्टेजवर गातात तो भाग मी पुन्हा लावला. हीच जागा होती. कॅमेरा प्रेक्षकांत बसला होता. स्टेजच्या अगदी समोर नाही, गायकाच्या तोंडाशी नाही, आमच्यासारख्याला जिथे जागा मिळते तिथे. मला पहिल्यांदा त्या सिनेमात बसायला जागा मिळाल्यासारखं झालं. समोरचं चित्र सबंध दिसत होतं: गाणारा, त्याच्या मागचे झीलकरी, स्टेजचा कडेचा भाग, खाली बसलेले लोक. आणि चित्र सबंध दिसत असल्यामुळेच पुढची गोष्ट इतकी परिणामकारक होते.

ती म्हणजे पोलीस येतात ती. गाणं ऐन रंगात आहे. पोलीस येतात ते धावत, शिट्ट्या मारत नाहीत. येतात आणि उभे राहतात. आमच्याकडे रात्रीच्या नाटकाला पोलीस असतातच. परवानगी काढलेली असते, बंदोबस्त असतो, एखादा शिपाई कडेला उभा राहून नाटकही पाहतो. त्यामुळे पोलीस दिसले म्हणजे काही वाईट घडणार असं आमच्या प्रेक्षकाच्या मनात येत नाही. ‘कोर्ट’ही ते लगेच येऊ देत नाही. बंदोबस्ताला आलेत की गाणं ऐकायला थांबलेत, हे काही क्षण अधांतरी राहतं. मग आयोजकांशी बोलणं होतं. आपण इतके दूर आहोत की ते बोलणं आपल्या हाती लागत नाही. जवळचा शॉट असता तर अधिकाऱ्याचं तोंड, कांबळेंचं तोंड, एक-दोन वाक्यं, एखाद्याच्या डोळ्यातली भीती, सगळं मिळालं असतं आणि कोणाची बाजू घ्यायची तेही कळलं असतं. इथे आपण लोकांत बसून बघतो की तिकडे काहीतरी चाललंय. उठून जायचं की बसायचं, हे ठरवायच्या आत ते घडून जातं.

मामाजी म्हणाले, “असंच होते. जवा होते तवा समजत नाई.”

मी ते वाक्य रकान्यात लिहून घेतलं. त्याहून नेमकं मला सुचलं नसतं.

आता शहराबद्दल. नागरी सिनेमाचं विश्लेषण करायचं म्हणजे शहर कसं दाखवलं हे बघायलाच हवं. मुंबईची सुरुवात करण्याच्या नाना रीती आहेत. मीरा नायर यांच्या ‘सलाम बॉम्बे’मध्ये १९८८ साली कृष्णा नावाचा पोरगा सर्कशीपासून सुटतो आणि रेल्वेचं तिकीट काढून या शहरात येतो, शहर त्याच्याबरोबर आपणही पहिल्यांदा बघतो. रितेश बत्रांच्या २०१३ सालच्या ‘द लंचबॉक्स’मध्ये एक डबा घरातून निघतो आणि सायकल, लोकल करत शहर ओलांडतो, आणि त्या डब्याच्या मागोमाग आपण जातो. दोन्हीकडे कोणीतरी निघालंय आणि शहर त्या वाटेवर उलगडतंय. ‘कोर्ट’मध्येही कांबळे निघतात. पण इथे शहर उलगडत नाही. समुद्र नाही, स्टेशनचा घुमट नाही, उंच इमारतींवरून फिरणारा कॅमेरा नाही. आहे ती एका माणसाची रोजची वाट. त्याला मुंबईत नवीन काही दिसत नाही, म्हणून आपल्यालाही मुद्दाम काही दाखवलं जात नाही.

हे कळल्यावर मला त्या बसच्या प्रवासाचं महत्त्व पटलं. सुरुवातीला मला तो भाग गाळला तरी चालेल असा वाटायचा. शिकवणीतून सरळ स्टेजवर आणलं असतं तरी गोष्ट समजलीच असती. पण मग कांबळे म्हणजे फक्त ‘गाणारा’ झाले असते. मध्ये बस आहे म्हणून ते आधी या शहरात तिकीट काढून जाणारे एक नागरिक आहेत. कार्यक्रमाला न्यायला गाडी येत नाही. ते जातात आणि गातात. ज्या माणसाला पुढे कागदोपत्री समाजाला धोका ठरवलं जाणार आहे, त्याला आपण सगळ्यांच्या बरोबरीने बसमधून जाताना पाहिलेलं असतं.

एकदा मी चित्र झाकून फक्त आवाज ऐकला. हे कोणीही करून बघावं. मुलांचा आवाज, मग रस्ता, मग वाहनं, मग वाद्यं आणि गाणं. घरगुती आवाजापासून सार्वजनिक आवाजापर्यंत एका माणसाची वाटचाल नुसत्या कानांनी कळते. संगीत येतं ते थेट स्टेजवरून येतं, त्या माणसांच्या हातातल्या वाद्यांतून. त्या गाण्यांमागे शाहीर संभाजी भगत आहेत. लोकांसमोर उभं राहून गाण्याचा त्यांचा स्वतःचा अनुभव मोठा, आणि तो त्या आवाजात ऐकू येतो. स्टुडिओत घासूनपुसून गुळगुळीत केलेलं गाणं तिथे असतं तर पोलिसांच्या येण्यालाही काही अर्थ उरला नसता. मग सगळंच सिनेमातलं वाटलं असतं.

आणि कांबळे झालेले वीरा साथीदार. आमच्या विदर्भाचे, नागपूरचे. आंबेडकरी चळवळीतले कार्यकर्ते, ‘विद्रोही’ मासिकाचे संपादक. पेशाने नट नव्हते. हे मला सिनेमा पाहून झाल्यावर कळलं आणि त्यांच्या चालण्याचा उलगडा झाला. सभेला जाणारा माणूस कसा चालतो हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नसणार. आयुष्यभर ते तसेच सभांना गेले होते. दुरून घेतलेल्या शॉटमध्ये नटाला चेहऱ्याने काही करता येत नाही. तिथे अंगात असेल तेच दिसतं. म्हणूनही कदाचित कॅमेऱ्याला जवळ जायची गरज पडली नसेल.

रविवारी मी हे सगळं मांडलं. बोलताना माझी वही आणि तिचे रकाने मला फार उपयोगी पडले. पण चर्चा रंगली ती वेगळ्याच ठिकाणी. बँकेतले एक भाऊ म्हणाले की, सुरुवात फार संथ आहे, आजच्या प्रेक्षकाला इतका वेळ नसतो, ज्या गाण्यावरून खटला झाला तेच गाणं सुरुवातीला दाखवलं असतं तर प्रेक्षक लगेच खटल्यात शिरला असता. मुद्दा वावगा नव्हता. वकीलसाहेब त्यावर म्हणाले, “तेच तर नाही ना दाखवलं. ते गाणं आपण ऐकलंच नाही.”

सगळे गप्प झालो. खरंच. सुरुवातीला आपण ऐकतो ते एक गाणं, आणि खटला चालतो तो दुसऱ्याच गाण्यावर, दुसऱ्याच वस्तीतल्या, आपण न पाहिलेल्या कार्यक्रमातल्या. ते गाणं कांबळेंनी म्हटलं की नाही हे सिनेमा आपल्याला दाखवत नाही. वकीलसाहेबांनी सांगितलं की न्यायालयाचंही असंच असतं. घटना न्यायाधीशासमोर घडत नाही. त्याच्यासमोर येतात कागद, पंचनामे, साक्षी. आपल्याला घटना दाखवली असती तर आपण न्यायाधीशाच्याही वर जाऊन बसलो असतो. ती दाखवली नाही म्हणून आपण न्यायाधीशाच्या बरोबरीने अंधारात आहोत.

मला मात्र तिथे एक फरक दिसला, आणि माझ्या लेखी या सुरुवातीचं सगळं मोल त्या फरकात आहे. न्यायाधीशाला घटना दिसली नाही, तशी आपल्यालाही दिसली नाही. पण आपल्याला माणूस दिसला. आपण त्याला मुलांना शिकवताना पाहिलं, बसमध्ये पाहिलं, गाताना पाहिलं. कोर्टात तो येतो तो आरोपी म्हणून, कलम ३०६ लावलेला. त्याच्या शिकवणीतल्या मुलांना साक्षीला कोणी बोलावत नाही. कायद्याच्या दृष्टीने ती मुलं या खटल्यात नाहीतच. न्यायालयाकडे नसलेला हा पुरावा दिग्दर्शक आपल्या हाती आधीच देऊन ठेवतो आणि मग दोन तास आपल्याला तो घेऊन गप्प बसायला लावतो. प्रत्येक तारखेला कांबळे दिसले की मला ती खोली आठवे. सुरुवात संथ नसती, माणसाची ओळख व्हायला लागतो तेवढा वेळ तिने घेतला नसता, तर पुढच्या प्रत्येक तारखेला इतका जीव तुटला नसता.

हेच सूत्र पुढे सिनेमा सगळ्यांना लावतो. विवेक गोम्बर यांनी केलेले बचावपक्षाचे वकील विनय व्होरा खरेदी करतात, आईवडिलांबरोबर जेवतात. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील लोकलने घरी जाते, स्वयंपाक करते, नाटकाला जाते. न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात. खटल्याबाहेरचा माणूस बघायची सवय आपल्याला लागते ती कांबळेंपासून. फक्त त्यांची पाळी सगळ्यात आधी येते. बाकीचे कोर्टातून घरी जातात.

एक प्रसंग माझ्या वाट्याचा नव्हता, पण तो सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो मामाजींनी माझ्यासाठी सुरुवातीला नेऊन जोडला. मृत कामगाराची बायको साक्षीला येते. ती सांगते की नवरा गटारात उतरण्याआधी झुरळं बाहेर येतात का ते बघायचा. आली तर आत हवा आहे असं समजायचं. मामाजी हे ऐकून ताठ बसले. माइनिंग सरदाराचं पहिलं काम गॅस पाहणं. पाळी आत जायच्या आधी सेफ्टी लॅम्प घेऊन जायचं, ज्योत बारीक करायची. ज्योतीवर निळसर टोपी चढली तर मिथेन आहे. ज्योत मिणमिणून विझली तर श्वासाची हवा कमी आहे. ते पाहून, फळ्यावर तारीख-वेळ घालून सही केल्याशिवाय माणूस आत सोडायचा नाही. “आमाले बत्ती होती,” मामाजी म्हणाले, “त्याले झुरळ.” मग त्यांनी स्वतःच मला सिनेमा परत सुरुवातीला न्यायला सांगितलं. पहिल्यांदा ज्या गाण्याच्या वेळी ते तोंड दिसत नाही म्हणून कुरकुरले होते, तेच गाणं यावेळी त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. कांबळे कोणासाठी गातात हे त्यांना आता माहीत होतं. कॅमेरा पुढे का जात नाही हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

चांगल्या सुरुवातीची माझ्यापुरती परीक्षा आता हीच आहे. सिनेमा संपल्यावर ती पुन्हा लावली तर ती वेगळी दिसते का? ‘कोर्ट’ची दिसते. पहिल्यांदा पाहताना तो एका म्हाताऱ्याचा साधा दिवस असतो. नंतर पाहताना तो खटल्याआधीचा त्याचा शेवटचा दिवस असतो, आणि चित्रात एक चौकटही बदललेली नसते. एवढं करून दाखवायला दिग्दर्शकाचा स्वतःवर फार विश्वास लागतो. ताम्हाणे तेव्हा तिशीतही नव्हते.

माझी एक तक्रार राहिलीच, आणि ती मी रविवारीही मांडली. शिकवणीतल्या त्या मुलांचं पुढे काय झालं? आजोबा आले नाहीत तेव्हा त्यांना कोणी काय सांगितलं? शिक्षिका असल्यामुळे मला ते कळावंसं वाटतं. सर म्हणाले की, न्यायाची यंत्रणा जशी त्यांना विसरते तसा सिनेमाही विसरतो, यातच त्याचं म्हणणं आहे. असेल. मला ते पूर्ण पटलं नाही. सिनेमाने एकदा तरी त्या मुलांकडे वळून बघायला हवं होतं.

वीरा साथीदार १३ एप्रिल २०२१ रोजी कोविडने गेले. आमच्या भागात त्यांना ओळखणारे पुष्कळ आहेत. त्यांचा हा सिनेमा पाहिलेले मात्र फार थोडे आढळतात. तालुक्याच्या गावी वाचनालयं आहेत, वाचकमंडळं आहेत, शाळांतून प्रोजेक्टर आले आहेत. माझी एवढीच विनंती आहे की, ‘कोर्ट’ एकत्र बसून पाहा, आणि फोनवर पाहू नका. इतक्या दूर उभ्या असलेल्या कॅमेऱ्यातला माणूस फोनच्या पडद्यावर हरवून जातो. शाळेचा प्रोजेक्टर मागून घ्या, भिंतीला पांढरी चादर लावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना पुढे बसवा. त्यांनी मध्येच काही विचारलं तर सिनेमा थांबवा आणि ते लिहून घ्या.